पिकअपचं ॲव्हरेज फारच कमी, कॅफे (गाड्यांच्या इंधन-खपाच्या) नियमाखाली तक्रार कुठे करायची?

आंबापेटी: नवीन पिकअप घेतली. शोरूममध्ये सांगितलेलं ॲव्हरेज मिळतच नाही. वर्कशॉपवाले म्हणतात गाडी ओके. कॅफे नियमात कंपनीला दंड होतो असं वाचलं. अर्ज कोणाकडे करायचा तेवढंच सांगा. हंगाम तोंडावर आहे.

कुर्ली: गाडी खंयची, डिझेल की सीएनजी, माल किती भरतंस? तां सांगल्याशिवाय कोण काय सांगतलो?

एमवन_एनवन: कॅफेचा इथे संबंधच नाही. तो नियम एम-१ ला, म्हणजे साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाड्यांना आहे. पिकअप एन-१, मालवाहू. शिवाय मर्यादा एकेका गाडीला नसते, कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला असते. २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किमी, म्हणजे १०० किमीला ४.७७ लिटर पेट्रोल. तीही सरासरी वजन १०८२ किलो धरून. ताफा जड असेल तर मर्यादा सैल होते. २०२२ च्या दुरुस्तीनुसार १०० किमीला ०.२ लिटरपर्यंत जास्त गेलं तर गाडीमागे २५,००० रुपये दंड, त्यापुढे ५०,०००. मालकाला त्यातला छदामही नाही.

चार्जिंगवाला: म्हणून म्हणतो, इलेक्ट्रिक घ्या. कॅफेत एक इलेक्ट्रिक तीन गाड्या म्हणून मोजतात!

एमवन_एनवन: ती कंपनीच्या हिशेबातली सवलत, रस्त्यावरचं ॲव्हरेज नव्हे. आणि पेट्या घेऊन वाटेत चार्जिंगला थांबणार कोण?

आंबापेटी: डिझेल, बीएस ६. देवगड ते वाशी, जाताना फुल लोड, येताना रिकामी. ॲव्हरेज मीटरवर दिसतं तेच.

टाकी_टू_टाकी: हे आधी सांगायचं ना! मीटरचा आकडा सोडा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वर टॉप-अप नको. ट्रिप शून्यावर आणा. परत येऊन त्याच पंपावर, त्याच नोझलवर तसंच भरा. किमी भागिले लिटर. जातानाचं आणि येतानाचं हवं असेल तर वाशीलाही एकदा भरा. टायरची हवा थंड असताना बघा. दाराच्या चौकटीवर लोडचा आणि रिकाम्याचा आकडा वेगळा असतो.

कुर्ली: इथेनॉलवर कोणीच बोलत नाही. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने ॲव्हरेज पडतंच.

टाकी_टू_टाकी: अहो, गाडी डिझेल आहे!

घाटरोड: गगनबावड्याने जात असाल तर उतारावर न्यूट्रल टाका, डिझेल वाचतं.

एमवन_एनवन: भरल्या गाडीला हा सल्ला देऊ नका. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन बंद होतं, डिझेल जातच नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर. आंबापेटी, गावातल्या गावात बागेतून पॅकिंग शेडपर्यंत फार फेऱ्या होतात का? डीपीएफमधली (धुराच्या गाळणीतली) काजळी जाळायला जादा डिझेल सोडलं जातं, आणि इंजिन मध्येच बंद केलं तर ते अर्धवट राहून पुन्हा सुरू होतं. स्कॅनर लावून रीजनरेशन (हे काजळी जाळणं) किती किमीने होतंय ते विचारा, 'ओके' वर परत येऊ नका.

आंबापेटी: फेऱ्या होतात. पण शोरूमवाल्याने आकडा सांगितला त्याचं काय?

एमवन_एनवन: चाचणीचा आकडा असेल तर तो प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा, एसी बंद ठेवून. लेखी दिलाय का? असेल तर टाकी-टू-टाकीच्या पावत्या जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत २ वर्षं. पण गाडी धंद्यासाठी आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतली हे दाखवावं लागेल, नाहीतर तिथेच अडेल. आरसी कोणाच्या नावावर आहे?

आंबापेटी: बाबांच्या. लेखी काही नाही, व्हॉट्सॲपवर आहे.

टाकी_टू_टाकी: ते चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, फोन बदलायच्या आधी.