शब्द हवा: मिरचीतली 'अँटिमायक्रोबियल पेप्टाइड्स'

पानसुपारी: ब्राझीलमधल्या संशोधनावरचा एक लेख शेतकी मासिकासाठी मराठीत करतेय. मिरचीच्या बिया, पानं, फळं यांत लहान लहान प्रथिनं असतात, ती बुरशी, यीस्ट, जिवाणू यांना आवरतात. मी 'प्रतिजैविक पेप्टाइडे' लिहिलं. संपादकांचं म्हणणं, प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक. लोकांना वाटेल मिरचीतून पेनिसिलिन निघालं. त्यात आधीच्या अनुवादकाने सगळीकडे मिरचीऐवजी 'मिरी' लिहून ठेवलंय!

रोखठोक: 'सूक्ष्मजीवरोधी'. 'नाशक' नको. काही पेप्टाइडं जंतूच्या पेशीच्या पटलाला भोकं पाडून मारतात, काही नुसती वाढ अडवतात. 'रोधी'त दोन्ही बसतं.

अडकित्ता: हा शब्द बांधावर उभं राहून मोठ्याने म्हणून दाखवा. 'जंतुरोधक' म्हणा, सुटसुटीत.

जुनी वही: जंतू म्हणजे जन्मलेला कुठलाही जीव, धातू 'जन्'. 'जीवजंतू' म्हणतो तेव्हा तुम्ही-आम्हीही त्यात आलो.

अडकित्ता: आमच्याकडे जंत म्हणजे पोटातले. व्युत्पत्तीने भाषा चालत नाही हो.

तळकोकण: मिरी-मिरचीचा घोळ त्या बिचाऱ्या अनुवादकाचा नाही, कोलंबसाच्या काळापासूनचा आहे. मिरी शोधायला निघाले, मिरची मिळाली, तर तिलाही मिरीचंच नाव चिकटवलं. आपण तरी काय केलं? मिरीवरूनच मिरची. आमची मिरसांग म्हणजे मिऱ्याची सांग, शेंग. कानडीत मिरी 'मेणसु' आणि मिरची 'मेणसिनकाई'. पण झाडं पार वेगळी: मिरीचा वेल, आणि मिरची वांगी-टोमॅटोच्या गोतातली. लेखात मिरचीच हवी.

गोडा मसाला: म्हणून तर आजी लोणच्यात मिरची घालायची! तिखटापुढे बुरशी टिकत नाही.

रोखठोक: लोणचं टिकतं ते मीठ, तेल, आंबटपणा यांच्यावर. आणि तिखटपणा कॅप्सेसिनचा, ते पेप्टाइड नव्हेच. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ढोबळी मिरचीत तिखट जवळपास नसतंच, तरी तिच्या फळात 'जे१' नावाचं डिफेन्सिन, म्हणजे असंच एक जंतू आवरणारं पेप्टाइड, सापडलंय. फळ पिकताना आणि जखम झाली की ते वाढतं. मर रोगाच्या फ्युजेरियम बुरशीवर प्रयोगशाळेत त्याचा परिणाम दिसलाय. या डिफेन्सिनांमध्ये सहसा आठ सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं, असतात, त्यांचे गंधकाचे चार पूल बनतात, म्हणून रेणू घट्ट राहतो.

जुनी वही: डिफेन्सिनला 'संरक्षिन' का नको? इन्सुलिनसारखंच कानाला लागतं.

अडकित्ता: आणि इन्सुलिन तर लॅटिन 'इन्सुला' म्हणजे बेट यावरून, त्याला मग काय करणार, 'द्वीपिन'? रेणूंची नावं जशीच्या तशी ठेवा. भाषांतर करायचं तर कामाचं करा, नावाचं नको.

जुनी वही: 'प्राणवायू' चालतो, 'संरक्षिन' नाही? ही कुठली न्यायबुद्धी?

पानसुपारी: अहो, 'जंतुरोधक' की 'सूक्ष्मजीवरोधी', तेवढं सांगा. आणि पेप्टाइडे, पेप्टाइडं की पेप्टाइड्स? उद्या लेख द्यायचाय.

तळकोकण: 'ढोबळी' कोण म्हणतं? आम्ही भोपळी म्हणतो.

गोडा मसाला: पुण्यात ढोबळीच. 'भोपळी' म्हटलं की भाजीवाला भोपळ्याकडे हात नेतो.

अडकित्ता: आणि नागपुरात दोघांनाही सिमला मिरची म्हणावं लागेल.