पुस्तकात सापडलेलं कार्ड : काकांना विचारू की नको?

कच्ची_वही (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न म्हटला तर पुस्तकाचा, म्हटला तर नाही. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ४७. सौदे, पट्ट्या, तोलाई-हमाली यात दिवस जातो. रात्री मात्र राक्षस, जादूगार, भुयारं, हरवलेले राजपुत्र. ही सवय लहानपणापासूनची. आधी नाथमाधवांच्या कादंबऱ्या, मग डिक्शनरी घेऊन इंग्रजी. घरात दुसऱ्या कुणाला यातलं काही नको असतं. बायको म्हणते, तुमचे बुटके आणि तुम्ही.

२०१४ साली ऑनलाइन एका गृहस्थांशी वाद झाला. साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. नाव इथे देत नाही, मी काकाच म्हणतो. वाद कशावरून झाला ते आता आठवत नाही, पण त्यांनी शेवटी लिहिलं होतं, "टायपून बोट दुखलं, फोन करा." तेव्हापासून दर गुरुवारी रात्री साडेनऊला फोन. गुरुवार काकांनीच ठरवला, कारण ऑक्सफर्डला टॉल्किन, लुईस हे अद्भुतकथा लिहिणारे इंग्रजी लेखक आणि त्यांची मित्रमंडळी लुईसच्या कॉलेजातल्या खोलीवर गुरुवारी रात्री जमायची आणि आपापलं लिखाण वाचून दाखवायची. आमच्या शेजाऱ्यांची समजूत अशी की मी गुरुवारी दत्ताचं काहीतरी करतो. मी ती मोडलेली नाही.

प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. सांगलीहून आष्टा, पेठ नाका, कराड करत तीन-साडेतीन तासांचा रस्ता, पण जाणं झालं नाही. पुस्तकं मात्र एसटीच्या पार्सलने येतात-जातात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीतली ट्रंक बुडाली. पानापानात वर्तमानपत्र घालून सुकवायला बघितलं, पण पुस्तकांच्या विटा झाल्या होत्या. पंधरा दिवसांनी काकांकडून खोकं आलं, वर चिठ्ठी : "उसनी आहेत, दान नव्हे. परत पाहिजेत." त्यामुळे घ्यायला अवघड वाटलं नाही.

काका वाचतात ते हातात पेन्सिल घेऊन. पटलं तर समासात बारीक टिंब, नाही पटलं तर फुली. मी वाचलेल्या पानावर अंगठ्याचा पिवळा डाग पडतो, कितीही हात धुतला तरी. ते म्हणतात, "दिवाणजी, तुम्ही कुठवर आलात हे मला न विचारता कळतं."

आता मुद्दा. गेल्या महिन्यात मी 'वीरधवल' मागितली. नाथमाधवांची, १९१३ सालची कादंबरी. माझी प्रत पुरात गेली होती. त्यांची जुनी, बाइंडिंग केलेली प्रत आली. परवा वाचताना २१२ पानावर एक कार्ड सापडलं. काळ्या चौकटीचं, छापील. काकूंच्या दशक्रियेचं. गुरुवार, सकाळी आठ, संगम माहुली. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

दहा वर्षांत काकूंचा आवाज मी एकदाच ऐकलाय. मागून म्हणाल्या होत्या, "त्यांना म्हणावं आता झोपा."

दुकानाच्या कच्च्या वहीत पानाच्या कोपऱ्यात मी गुरुवारचं दोन शब्दांत टिपून ठेवतो. तो गुरुवार काढला. लिहिलं होतं : "काका. वारी. २० ऑक्टो. मीच बरोबर."

म्हणजे सकाळी माहुलीला दहावा करून आलेला माणूस रात्री साडेनऊला माझ्याशी भांडत होता. कशावर, तर टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला फ्रोडो आणि मंडळी २३ सप्टेंबरला घर सोडतात, २० ऑक्टोबरला रिव्हेंडेलला पोचतात, तर रोज किती चालले असतील यावर. काकांची नोकरीची काही वर्षं फलटण भागात गेली. माउलींची पालखी दरवर्षी दारावरून जाताना बघितलेली, त्यामुळे त्यांचं सगळं माप वारीचं. मी म्हटलं, काका, वारकऱ्यांचं सामान ट्रकमधून पुढं जातं, मुक्कामाला जेवण तयार असतं. इथं एक तट्टू, मागं काळे घोडेस्वार आणि ६ ऑक्टोबरला फ्रोडोला सुरा लागलेला. जखमी माणसाला तट्टावर घालून चालणाऱ्यांची सरासरी काढायची कशी? काका गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, तुमचंच खरं." एवढ्या सहज ते कधी हार मानत नाहीत. मी खुशीत झोपलो.

आता पुस्तक परत पाठवायचंय. कार्ड आहे त्या पानात तसंच ठेवून पाठवू? की फोनवर विषय काढू? ते चुकून राहिलं की मला कळावं म्हणून ठेवलं? मधे एक गुरुवार गेला. मी सर्दी झाल्याचं सांगून फोन टाळला.

---

घाटावरचा

एवढं टाइप करण्यात जितका वेळ गेला तेवढ्यात फोन झाला असता. करा की फोन. माणूस एकटा आहे आणि तुम्ही पान नंबर बघताय.

---

वाईकर_जुना

घाटावरचा, इतकं सोपं नसतं हो.

दिवाणजी, काकांनी ज्यांच्यावरून गुरुवार घेतला त्यांचीच गोष्ट सांगतो. लुईस आणि टॉल्किन यांची मैत्री अशीच वाचण्या-ऐकण्यातली. लुईसनं वर्षानुवर्षं मागं लागून ऐकलं नसतं तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुरं झालं नसतं, असं टॉल्किनच सांगत. १९५४-५५ मध्ये ते तीन भागांत छापून आलं. आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये लुईसनं जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेशी रजिस्टर लग्न केलं, ते टॉल्किनना सांगितलंच नाही. जॉय घटस्फोटित, टॉल्किन कडवे कॅथलिक, त्यामुळे लुईसनं टाळलं असावं. तोवर दोघांत थोडं अंतर पडलंही होतं. टॉल्किनना ते कळलं फार उशिरा. नोव्हेंबर १९६३ मध्ये लुईस गेला, त्यानंतर मुलाला लिहिताना त्यांनी ही गोष्ट काढली. म्हणजे कळल्यापासून मनात होती.

मला यात टॉल्किनचं चुकलं असं वाटतं. कळल्यावर त्यांनी सरळ जाऊन विचारायला हवं होतं, "काय रे, मला नाही सांगितलंस?" भांडण झालं असतं, पण भांडायची सवय तर दोघांना होतीच. तुम्हालाही आहे.

आणि सर्दीचं कारण फार दिवस चालत नाही.

---

पायी_दिंडी

विषयांतराबद्दल माफ करा, पण चालण्याच्या हिशोबात काका अगदीच चूक नाहीत. लोणंद ते तरडगाव टप्पा छोटा, तरडगाव ते फलटण मोठा. वारीतही रोजचं चालणं सारखं नसतं, सरासरी तिथंही फसवीच. तुम्ही जिंकलात ते काका थकलेले होते म्हणून.

(हे जरा कठोर झालं. राहू दे.)

---

कच्ची_वही (सांगली)

@पायी_दिंडी, नाही, बरोबर बोललात. तेच खुपतंय.

@वाईकर_जुना, लग्नाचं मला माहीत नव्हतं. काकांना नक्की माहीत असणार. गुरुवारचं सांगितलं आणि हे नाही सांगितलं, गंमत आहे.

---

कृष्णाकाठची

मी सांगलीचीच, गावभागातली. माझे मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. सुरुवातीला दारात येणारा प्रत्येक जण "कसं झालं हो?" म्हणून सगळं पहिल्यापासून सांगायला लावायचा. कोणत्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाले, आधी का नाही नेलं. मी सांगायची, ते चहा प्यायचे, मग पुढचे यायचे. माझी एक शाळेतली मैत्रीण तेवढी रोज रात्री फोन करून मालिकेत काय झालं ते सांगायची. मी मालिका बघत नव्हते. सासूनं कुणाच्या दुधात काय कालवलं एवढं ऐकायचं आणि झोपायचं. त्या पंधरा मिनिटांत मी कुणाची विधवा नसायची.

काकांना तुमच्याकडे तेच मिळत असणार. दहाव्याच्या रात्रीसुद्धा साडेनऊला फोन घेतला म्हणजे घरात पाहुणे, लेकी-सुना असताना उठून बाजूला गेले असतील. म्हणून आधी मी लिहिणार होते की काही विचारू नका, तो तास त्यांचा त्यांना राहू दे.

पण एक फरक आहे. माझ्या मैत्रिणीला सगळं माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. मालिका बरी वाटायची ती त्यामुळं. तुमच्या बाबतीत तुम्हाला कळलंय हे काकांना माहीत नाही. आता तुम्ही राक्षसांवर बोलाल, पण आवाज सांभाळून बोलाल. दहा वर्षं फक्त आवाजच ऐकलेल्या माणसाला ते दुसऱ्या वाक्याला कळेल.

सांत्वन करू नका. "वाईट झालं, कसं झालं" नको. माहीत आहे एवढंच कळू द्या, कसं ते तुम्हाला सुचेल.

---

पेठ_नाका

एक साधी शंका. काका पेन्सिल घेऊन वाचतात म्हणालात. २१२ च्या पुढे टिंबं-फुल्या आहेत का? कार्ड मुद्दाम ठेवलं, चुकून राहिलं, की खूण म्हणून घातलं, ते त्यावरून कळेल.

---

कच्ची_वही (सांगली)

@पेठ_नाका, तुमचा प्रतिसाद दुकानात वाचला, घरी येऊन आधी पुस्तक उघडलं. २१२ पर्यंत दर दोन-तीन पानांना टिंब आहे, मधे दोन फुल्या. त्यातली एक इतकी दाबून मारलेली की कागद फाटलाय. २१२ नंतर शेवटपर्यंत एक खूण नाही.

आधी मला वाटलं जुनी प्रत आहे, खुणाही जुन्या असतील. पण शिसं ताजं दिसतं, बोट फिरवलं की लागतं. म्हणजे तेव्हा ते पुन्हा वाचत होते. हाताशी कार्डांचा गठ्ठा असेल, त्यातलंच एक पानात घातलं. नंतर पुस्तक उघडलंच नाही. मी मागितलं तसं कपाटातून काढून पाठवून दिलं.

बायकोला आत्ता सगळं सांगितलं. ती म्हणाली, दहा वर्षं बोलताय आणि त्यांच्या बायकोचं नाव कार्डावर वाचून कळलं तुम्हाला? यावर मी काय बोलणार.

---

कच्ची_वही (सांगली)

कळवायचं राहिलं होतं. काल गुरुवार झाला.

साडेनऊला फोन लावला. "सर्दी गेली का?" म्हणाले. मी म्हटलं, काका, सर्दी नव्हती. 'वीरधवल'मध्ये २१२ च्या पुढं तुमची पेन्सिल नाही.

बराच वेळ काही नाही. मागं त्यांच्याकडं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, "हां. तिथंच राहिलं ते." मी म्हटलं, खूण आहे पानात, मी काढलेली नाही. ते म्हणाले, "असू दे."

मग आपणहून बोलले, थोडंच. नाथमाधवांचं सिंहगडावरून पडून पाय गेल्यावर वाचनाचं वेड वाढलं आणि त्यातून ते लिहायला लागले, हे काकूंनीच त्यांना पहिल्यांदा सांगितलं होतं. शाळेत असताना कुठंतरी वाचलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ही प्रत जुन्या बाजारातून त्यांनीच आणली. दाबून मारलेली फुली काकूंची आहे. आजारपणात काका त्यांना वाचून दाखवत होते आणि ते वाक्य काही त्यांना पटेना, पेन्सिल हिसकावून घेतली म्हणे. म्हणजे बुटके-राक्षसवाले आम्ही दोघंच नव्हतो, तिसरं माणूस मागं बसून ऐकत होतं आणि मला पत्ताच नाही. "त्यांना म्हणावं झोपा" एवढ्यावरून मी वेगळाच अंदाज बांधून बसलो होतो.

मला आधी का नाही सांगितलं, हे मी विचारलं नाही. वाईकर म्हणतील चुकलं, पण जमलं नाही.

शेवटी म्हणाले, "पुस्तक आहेच तुमच्याकडं, तर पुढचं वाचा. मी ऐकतो." मी २१३ पासून वाचलं. मला मोठ्यानं वाचायची सवय नाही, दुकानातली हिशोबाची पट्टी वाचल्यासारखं सुरात जातं, त्यावरून दोनदा टोकलं. नऊ पानं झाली. मधे एकदा म्हणाले, "इथं फुली मारा," ती मी मारली.

रविवारी जातोय. सकाळच्या गाडीनं, पुस्तक घेऊन. भडंग न्यायचं ठरलंय. त्यांच्याकडं कंदी पेढे असणारच, म्हणून गोड नेत नाही. साताऱ्यातल्या कुणी सांगावं : स्टँडवरून शाहूपुरीला रिक्षावाले किती घेतात हल्ली? काका न्यायला येतो म्हणतात, मला तो त्रास नको आहे. शिवाय स्टँडवर एकमेकांना ओळखायचं कसं हाही प्रश्न आहेच.

---

घाटावरचा

रिक्षाचं सोडा, येऊ दे त्यांना. तुम्ही अंगठा दाखवा, पिवळा दिसला की ओळखतील.