क्रोशाच्या दुपट्याच्या कडा सरळ येत नाहीत, सल्ला हवा आहे

रेवती_पुणे

नमस्कार. धाकट्या बहिणीला मार्चमध्ये बाळ होणार आहे. बारशाला द्यायला क्रोशाचं दुपटं विणायला घेतलंय. 4 प्लाय अ‍ॅक्रिलिक लोकर, 4 मिमीची सुई, सगळ्या ओळी साध्या खांबांच्या (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका). सुरुवातीला 120 खांब होते. आज 38 ओळी झाल्यावर गादीवर पसरून पाहिलं, तर खालची बाजू रुंद आणि वरची अरुंद दिसतेय. शिवाय दोन्ही बाजूंना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला लांबट भोक पडलंय. सुरुवातीची साखळी इतकी घट्ट झालीय की तळाची कड आत ओढली जाते.

मी आतापर्यंत गोलातले थालपोस (ताट झाकायचे रुमाल) आणि तोरणं केली आहेत. सरळ ओळींचं मोठं काम हे पहिलंच. वरून छान बॉर्डर घातली तर हे सगळं झाकलं जाईल का? आणि बॉर्डर कोणती घालू? मनापासून करतेय, पण आता हात थांबलाय.

मिताली_ठाणे

झाकलं जाईल की! मी स्टोलच्या कडेला दोन ओळी मुके खांब (खांबापेक्षा बुटके टाके) आणि वर शंख (एकाच जागी घातलेल्या खांबांचे पंखे) घातले होते. कड थोडी वाकडी होती, ती कुणाला दिसलीही नाही.

कुसुमकाकू_सांगली

रेवती, आधी खांब मोज. पहिल्या ओळीतले नकोत, 38व्या ओळीतले मोज आणि आकडा इथे लिही. तोपर्यंत बॉर्डरचा विचार नको. मिताली म्हणते ते एखाद-दोन खांबांचा फरक असेल तर खरं आहे. त्यापेक्षा जास्त असेल तर बॉर्डर वाकड्या कडेवरून वाकडीच जाते आणि उलट जास्त नजरेत भरते.

गोलात हात बसलेल्या बायकांचं सरळ ओळीत हेच होतं, कारण गोलात काम वळवायचा प्रश्नच येत नाही. ओळ संपली की आपण तीन साखळ्या घालून काम उलटवतो. त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. म्हणून पुढचा खांब पायथ्याशी असलेल्या घरात (मागच्या ओळीच्या टाक्याच्या डोक्यात) नाही, त्याच्या शेजारच्या घरात घालायचा. इथपर्यंत बहुतेकींना ठाऊक असतं. चूक होते ती ओळीच्या शेवटी. मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा असतो. ते डोकं खांबासारखं दिसत नाही, कडेला कलंडून बसतं आणि आपण ते सोडून वळतो. दर वेळी एक खांब गेला. कधी आठवण राहते, कधी नाही, म्हणून कड एकसारखी तिरकीही होत नाही, मध्येच पायरी पडते.

उपाय अगदी साधा आहे. तीन साखळ्या घालून झाल्या की तिसऱ्या साखळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेव. परत येताना तो तुकडा दिसेपर्यंत ओळ संपलेली नाही. टीव्ही बघत विणणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. मी चाळीस वर्षं विणतेय, मोठ्या कामाला अजूनही तुकडे लावते.

अनघा_टोरांटो

काकूंनी सांगितलेलं अगदी बरोबर. फक्त ती लांबट भोकं तीन साखळ्यांमुळेच पडतात. साखळी खांबापेक्षा बारीक असते, त्यामुळे तिच्या आणि शेजारच्या खांबाच्या मध्ये फट राहते. मला ती कधीच आवडली नाही. आता मी साखळी घालतच नाही.

काम वळवल्यावर सुईवर एक घर, म्हणजे दोऱ्याचा फास असतो. साखळी न घालता पहिल्याच घरात एक मुका खांब घाला, जरा सैलसर. मग त्या मुक्या खांबाची डावीकडची उभी दोरी दिसते, तिच्याखाली सुई घालून आणखी एक मुका खांब घाला. एकावर एक रचलेले हे दोन मुके खांब मिळून एका खांबाच्या उंचीचे होतात आणि तो पहिला खांब म्हणून मोजायचा. दुसरा खांब शेजारच्या घरात. परत येताना शेवटचा खांब त्या रचलेल्या खांबाच्या डोक्यावर, जे आता इतर टाक्यांच्या डोक्यावरच्या वेणीसारखं स्पष्ट दिसतं. चुकायला जागाच उरत नाही.

एक सूचना, इंटरनेटवरून नमुने घेणाऱ्या सगळ्यांसाठी. अमेरिकन नमुन्यातला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, पण तोच टाका ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणून लिहिलेला असतो. अमेरिकन डबल म्हणजे आपला खांब, ब्रिटिश त्याला ट्रेबल म्हणतात. बॉर्डरचा नमुना घेताना तो कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी बघा, नाहीतर नाजूक कडेऐवजी जाडजूड पट्टी तयार होते.

रेवती_पुणे

मोजले. 111 आहेत. नऊ खांब गेले! काकू, तुम्ही सांगितलेलं तंतोतंत खरं निघालं, कडेला साखळ्यांची सुटी डोकी दिसतायत. पहिला खांब 7व्या ओळीत सुटलाय.

माझ्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 14 खांब बसतात. म्हणजे नऊ खांबांचे जवळजवळ साडेसहा सेंटिमीटर झाले. उसवू का?

कुसुमकाकू_सांगली

उसव. 7व्या ओळीपर्यंतच काय, तळाची कड ओढतेय म्हणतेस तर मुळापासून उसव. वाईट वाटेल, मला कळतंय. पण बाळाचं दुपटं पुढे कितीतरी वर्षं घडी घालून जपलं जातं. माझ्या मुलाचं दुपटं आता नातीच्या अंगावर आहे. घडी घालताना कोपऱ्यावर कोपरा बसला नाही की दर वेळी हाताला जाणवतं.

उसवलेली लोकर सैल लडी करून कोमट पाण्यात भिजव आणि सावलीत टांगून वाळव, लोकरीतल्या वळ्या बऱ्याच कमी होतात. नवी साखळी घालताना 5 मिमीची सुई घे, पहिल्या ओळीपासून परत 4 मिमी. आणि साखळी उलटी करून बघ. पाठीवर एकेक उंचवटा दिसेल. पहिल्या ओळीचे खांब त्या उंचवट्यांत घाल. जरा किचकट आहे, पण मग तळाला तशीच वेणी तयार मिळते जशी शेवटच्या ओळीच्या डोक्यावर असते, आणि बॉर्डर घालताना वरची-खालची बाजू एकसारखी दिसते.

आरती_मडगाव

उसवण्याला माझंही मत. आमच्याकडे आई चर्चच्या ऑल्टरच्या (वेदीच्या) कापडांना क्रोशाच्या कडा घालायची, 40 नंबरच्या दोऱ्याने. (दोऱ्याचा नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो, नवशिक्या इथे फसतात.) तिचं बोट कडेवरून फिरायचं आणि एक खांब कमी असला तरी तिला कळायचं.

आता बॉर्डरबद्दल, कारण खरी मेहनत तिथे आहे. वरच्या आणि खालच्या बाजूला प्रश्न नाही, एका घरात एक मुका खांब. उभ्या बाजूंना घरं नसतात, ओळींची टोकं असतात. किती मुके खांब घालायचे? खांबाच्या एका ओळीला दोन, अर्ध्या खांबाच्या (मुका खांब आणि खांब यांच्या मधल्या उंचीच्या टाक्याच्या) दोन ओळींना तीन, मुक्या खांबाच्या ओळीला एक. हा अंदाज आहे, प्रत्येकीचा हात वेगळा. म्हणून एक वीत विणून झालं की सपाट जागी ठेवून बघा. कडेला झालरीसारख्या लाटा आल्या तर टाके जास्त झाले. कड आत ओढली जाऊन काम वाटीसारखं उचललं गेलं तर कमी झाले. एक वीत उसवणं सोपं, चारी बाजू झाल्यावर रडू येतं. कोपऱ्याच्या घरात तीन मुके खांब, पुढच्या फेरीत त्या तिनातल्या मधल्यात परत तीन.

आणि सुई कुठे खुपसता ते महत्त्वाचं. बहुतेकजणी कडेच्या खांबाला पूर्ण वेढा घालून विणतात, लवकर होतं म्हणून. त्याने खांब आत सरकतो आणि भोक मोठं होतं. खांबाच्या दोऱ्यातच सुई घाला, दोन पदर सुईवर घेऊन. हळू होतं, पण कड कापडासारखी भरीव येते.

मी आणखी एक फेरी आधी घालते. मुख्य लोकरीनेच, अर्ध्या नंबरने मोठी सुई घेऊन सगळीकडून नुसती स्लिप स्टिच (दोरा घरातून आणि सुईवरच्या फासातून एकदमच ओढून काढायचा सपाट टाका). घट्ट ओढायची नाही. त्याने चारी बाजूंना एकसारखी वेणी बसते आणि पुढची खरी बॉर्डर त्या वेणीत घालायची. उभी बाजू कुठली आणि आडवी कुठली ते शोधूनही सापडत नाही.

रेवती_पुणे

आरतीताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. उसवलं सगळं. पहिल्या सात-आठ ओळींना हात थरथरत होता, मग सवय झाली. अनघाताईंचा रचलेला खांब जमला, भोकं गेली. 60 ओळी करायच्या ठरवल्यात, म्हणजे उभ्या बाजूलाही 120 टाके येतील ना?

आरती_मडगाव

हो, एका ओळीला दोन धरले तर 120च. शंख घालायचे असतील तर सोयीचा आकडा आहे. पाच खांबांचा शंख, दोन घरं सोडून एक मुका खांब, परत दोन सोडून शंख. असा एक नमुना सहा घरांत बसतो. कोपऱ्यातल्या वाढीव टाक्यांमुळे एकूण घरं सहाच्या पटीत न बसण्याची शक्यता आहे, म्हणून शंखांच्या आधीच्या मुक्या खांबांच्या फेरीतच दोन-तीन टाके कमी-जास्त करून घ्या. शंखात आल्यावर ते लपवता येत नाहीत.

अनघा_टोरांटो

बाळासाठी मी शंखही टाळेन आणि तीन साखळ्यांचे पिको म्हणजे कंगोरे तर नक्कीच. जाळीत आणि साखळीच्या फासात लहान बोटं अडकतात. भरीव कड हवी.

उलटा मुका खांब करून बघा. इंग्रजीत त्याला खेकड्याचं नाव आहे, कारण तो आडवा मागे मागे जातो. सुलट बाजू समोर ठेवायची, काम वळवायचं नाही, आणि डावीकडून उजवीकडे विणायचं. उजवीकडच्या घरात सुई घालायची, दोरा ओढून आणायचा, सुईवर दोन घरं झाली की दोरा घेऊन दोन्हींतून काढायचा. पहिले दहा टाके हात ऐकत नाही. मग पीळ दिलेल्या दोरीसारखी गोल कड उमटायला लागते. मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या आणि त्यावर ही एक, एवढं पुरे. सुई अर्धा मिमी मोठी घ्या, हा टाका मुळातच ताठ असतो. आणि लोकर जास्त खातो, नवा गोळा जवळ असू द्या.

सीमा_नाशिक

मध्येच विचारते, माफ करा. सुती रुमालांना क्रोशाची कड घालायची आहे. कापडात सुई शिरत नाही, जोर लावला तर धागे तुटतात.

कुसुमकाकू_सांगली

सीमा, कापड आधी धुऊन घे, म्हणजे नंतर आटून कडेला चुण्या पडणार नाहीत. मग काठ बारीक दुमडून शिवणाच्या सुईने चारी बाजूंना काजाचा टाका घाल, दोन टाक्यांत साधारण 3 मिमी अंतर. त्या टाक्यांच्या वरच्या दोरीत क्रोशाचे मुके खांब घालायचे. क्रोशाची सुई कापडाला लागतच नाही. 20 नंबरचा दोरा आणि बारीक स्टीलची सुई. साडीच्या पदराला किंवा ओढणीलाही हेच.

मिताली_ठाणे

काकू, मी वर घाईने उत्तर दिलं होतं. माझा स्टोल आज परत मोजला, चार खांबांचा फरक आहे. पुढच्याला दोऱ्याचे तुकडे लावणार.

एक अनुभव सांगते, तो तरी उपयोगी पडेल. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. मी एका टोपीची कड सपाट व्हावी म्हणून गरम इस्त्री फिरवली. लोकर मऊ लोळागोळा झाली, चकाकायला लागली, ताण कायमचा गेला. पिनांनी सरळ करून इस्त्री दोन बोटं वर धरून नुसती वाफ द्यायची, हात न लावता गार होऊ द्यायचं. सुती दोऱ्याला मात्र ओलं करून, गंज न धरणाऱ्या पिना लावून वाळवलेलं उत्तम. थालपोस असेल तर हलकी खळही.

रेवती_पुणे

झालं! 120 वर आणि 120 खाली. कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी घातली आणि आईला बोलावून दाखवली. पिस्ता रंगाचं दुपटं, कड पांढऱ्या उलट्या मुक्या खांबांची.

शेवटचं विचारते. फेरी संपते तिथे स्लिप स्टिचने जोडलं की गाठीसारखं टोचतं. आणि टोकं किती आत घ्यायची?

आरती_मडगाव

शेवटची स्लिप स्टिच घालूच नका. 15 सेंटिमीटर लोकर ठेवून कापा आणि शेवटचं घर वर ओढून टोक बाहेर काढा. ते बोथट सुईत ओवा. फेरीच्या पहिल्या टाक्याच्या वेणीखालून सुई न्या, मग ज्या शेवटच्या टाक्यातून टोक निघालं त्याच्या मधोमध परत खाली उतरवा. वेणीची एक खोटी कडी तयार होते. ती बाकीच्यांएवढीच होईल इतकंच ओढा. उलट्या मुक्या खांबाला वेणी नीट दिसत नाही, तिथे पहिल्या टाक्याच्या पायथ्याशी सुई उतरवून मागे न्या.

टोक उलट बाजूने एका दिशेला चार-पाच सेंटिमीटर, मग परत उलट, मग तिसऱ्यांदा, आणि वळताना एक पदर सोडून. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, एकाच दिशेला घेतलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. पांढरं टोक पांढऱ्या कडेतच लपवा, पिस्त्यात नेलं तर सुलट बाजूने दिसेल.