बीजीएमआयमध्ये 100 जण असतात, मग तो एमएमओ का नाही?

लातूर_लॅग
बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या गेममध्ये एका मॅचला 100 जण. देशभर खेळणारे तर कोट्यवधी. तरी त्याला एमएमओ (एकाच जगात एकाच वेळी प्रचंड संख्येनं लोक खेळतात असा ऑनलाइन गेम) म्हणत नाहीत. नेमका आकडा किती लागतो? आणि माइनक्राफ्ट कशात धरायचं?

मोंढा_भाव
भाऊ, आकडा नंतर. आधी तुम्ही लॉगआउट केल्यावर मागं काय उरतं ते बघा. बीजीएमआयची मॅच अर्ध्या तासात संपते आणि तो नकाशा पुसला जातो. रँक अन् स्किन (पात्राचे, बंदुकांचे सजावटी रूप) तेवढे खात्यावर राहतात. त्या कोट्यवधींपैकी मॅचबाहेरचा कुणी मैदानात तुमच्यासमोर येऊच शकत नाही. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या एमएमओत (2003) विक्रीला लावलेला माल तुम्ही झोपलात तरी बाजारात असतो, आणि रात्रीतून कुणीतरी कमी भाव लावून तुमच्या पुढं जातं. आपल्या मोंढ्यासारखं. तुम्ही जा नाहीतर नका जाऊ, सौदा निघतोच.

पिंग_परभणी
ठरलेला आकडा नाही, पण गणित आहे. प्रत्येकाची हालचाल बाकी सगळ्यांना कळवायची तर 100 जणांसाठी दर टिकला (सर्व्हर खेळाची स्थिती ताजी करतो तो प्रत्येक ठोका) 100 × 99 = 9,900 निरोप. 1,000 जणांसाठी 9,99,000. खेळाडू दहापट, काम शंभरपट! म्हणून सर्व्हर जवळपासच्यांचीच माहिती पाठवतो. काही गेम टिकही संथ ठेवतात. ओल्ड स्कूल रूनस्केपचा 0.6 सेकंदाचा आहे. तिथं 150 मिलिसेकंदांचा पिंग (निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ) खपतो, नेमबाजीत तोच नडतो. एवढं करूनही सगळे एकाच जागी जमले की अडतं. ईव्ह तेव्हा खेळातला काळच मंद करतो, पार 10 टक्क्यांपर्यंत.

आणखी एक. लढाईत लाइट जाऊन राउटर बंद पडला तर बहुतेक एमएमओंत पात्र लगेच गायब होत नाही, काही वेळ तिथंच मार खात उभं राहतं. राउटर इन्व्हर्टरवर घ्याच.

लातूर_लॅग
अन् माइनक्राफ्ट?

मोंढा_भाव
जग टिकतं, पण सर्व्हरवर सहसा मोजकेच लोक, आणि घरचा सर्व्हर बंद केला की जगही थांबतं. त्यामुळे नाही. खरी अडचण गिल्ड वॉर्सची (2005). शहरात सगळे एकत्र, पण वेशीबाहेर पडलं की प्रत्येक टोळीला नकाशाची वेगळी प्रत. मी त्याला एमएमओत धरत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही पाच जणांच्या डंजनला (शत्रूंनी भरलेल्या भुयाराला किंवा गडाला) वेगळी प्रत मिळते, पण डंजनबाहेरचं रान सगळ्यांचं एकच, तिथं अनोळखी माणूस वाटेत आडवा येतो. म्हणून तो एमएमओ.