ओटीतले दोन प्रकारचे कप

नाईटवाली
मी स्टाफ नर्स. शंभरएक खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात अकरा वर्षं झाली. आमच्या ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, चहाची छोटी खोली आहे. डॉक्टरांचे कप चिनी मातीचे, ट्रेमध्ये पालथे घातलेले. आमचे आणि मामा-मावश्यांचे (वॉर्डबॉय-आयांचे) स्टीलचे पेले, सिंकखालच्या बादलीत. पाटी वगैरे कुणी लावलेली नाही. गेल्या महिन्यात नवीन लागलेल्या एका सिस्टरने नकळत ट्रेमधला कप उचलून चहा घेतला. कुणी चकार शब्द काढला नाही. पण तिने तो परत ट्रेमध्ये ठेवायच्या आत मावशींनीच हातातून घेतला, धुतला आणि तिच्यापुढे स्टीलचा पेला ठेवला.

आता दुसरी गोष्ट. आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, रात्रीचे तीन. पेशंटची नाडी ११० वरून १२८ वर गेलेली, बारापासून लघवीच्या पिशवीत जेमतेम भर. बीपी मात्र ठीक. मी नाईटच्या आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, फोन केला. "बीपी चांगलं आहे ना? मग बघू सकाळी." चार वाजता परत केला. "सिस्टर, डॉक्टर तुम्ही की मी?" सहाला बीपी कोसळलं आणि पेशंट पुन्हा टेबलावर. वाचला. केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलंय : सकाळी ६ वाजता कळवले. माझे दोन्ही फोन नर्सिंग नोट्समध्ये वेळेसकट आहेत, पण त्या वाचतं कोण?

माझं म्हणणं एवढंच, की कप आणि फोन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याच्या पेल्याची जागा सिंकखाली, त्याचं म्हणणंही तिथेच जातं.

भूलवाला
धाग्याची सुरुवात छान, निष्कर्ष चुकीचा. उतरंड नसलेलं हॉस्पिटल मला दाखवा. पेशंट टेबलावर काळानिळा पडत असताना तिथे ग्रामसभा भरवायची का? एकाने सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. ग्राहक आयोगाची नोटीसही बहुधा डॉक्टरच्या नाहीतर हॉस्पिटलच्या नावाने येते, सिस्टरच्या किंवा मामाच्या नाही. ज्याची सही त्याचा शब्द शेवटचा.

तुमच्या प्रसंगात दोष त्या आरएमओचा. उलट उतरंड नीट वापरली असती तर तुम्ही त्याच्या डोक्यावरून थेट सर्जनला उठवलं असतं. का नाही उठवलंत?

नाईटवाली
कारण याआधी जिने उठवलं होतं ती आता ओपीडीत फाईली लावते.

कायमचा जेआर
सरकारी मेडिकल कॉलेजातून लिहितोय, ज्युनियर रेसिडेंट (एमडी-एमएस शिकत काम करणारा डॉक्टर) आहे, ड्युटीवर छत्तीस तास झालेत, शुद्धलेखन सांभाळून घ्या. डॉक्टर वर आणि बाकी खाली, हे चित्र इथे येऊन बघा. लॅबला सॅम्पल घेऊन मी पळतो. ट्रॉली मी ढकलतो, कारण मामा "आत्ताच जेवायला गेलेत". इन्चार्ज सिस्टर इंटर्नला ज्या भाषेत बोलतात ती इथे लिहिली तर प्रतिसाद उडेल. त्या कायम, आम्ही तीन वर्षांचे पाहुणे. आणि आमच्यातही जेआर वनने (पहिल्या वर्षाच्याने) जेआर थ्रीच्या (तिसऱ्या वर्षाच्याच्या) आधी जेवायचं नाही, हा अलिखित नियम. रेसिडेंटला आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त काम नको, हे १९९२ पासून केंद्राच्या कागदावर आहे. युनिटमध्ये तो कागद वाचून दाखवला तर पुढचे सहा महिने इमर्जन्सी तुमचीच.

त्यात जात मिसळली की काय होतं? २०१९ मध्ये मुंबईत नायर हॉस्पिटलात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीने जीव दिला. सीनियर्सनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, खटला कोर्टात आहे, त्यावर जास्त बोलत नाही. पण ती डॉक्टरच होती ना? कप चिनी मातीचाच मिळत असणार तिला.

पगारपत्रक
कपाबिपाचं सोडा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलं होतं, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला २०,००० च्या खाली पगार नको आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारीच्या बरोबरीने. आपापल्या स्लिपा काढून बघा. मान पगारामागून चालत येतो.

निवृत्त मेट्रन
पोरींनो, जरा आपल्याही ताटात बघा. नर्सिंगची डिग्री घेतलेली बीएस्सीवाली डिप्लोमावाल्या जीएनएमला मोजत नाही, जीएनएम त्याहून छोटा कोर्स केलेल्या एएनएमला. मी इन्चार्ज होते तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसरी कुणी बसली तर मला खपायचं नाही. आज लाज वाटते, तेव्हा शिस्त वाटायची.

पण भूलवाले डॉक्टर, सहीचं तुम्ही बोलू नका. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या, आठवतात? १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षं त्या वॉर्डात होत्या, आणि अंगाला एक बेडसोअर होऊ न देता पिढ्यान्‌पिढ्यांच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. दयामरणाच्या प्रश्नावर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, तेव्हा तिच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा, हेही कोर्टाने ठरवलं. तो दिला केईएमच्या कर्मचाऱ्यांना, कारण रोज तिचं करत ते होते. सर्वोच्च न्यायालयाला जे कळलं ते रात्री तीन वाजता फोन उचलणाऱ्याला कळायला काय हरकत आहे?

रात्रीचा आरएमओ
तो फोन मी घेतला नव्हता, पण घेऊ शकलो असतो. मी बीएचएमएस. पेशंट 'डॉक्टर' म्हणतात, सर 'ए आरएमओ' म्हणतात. तीनला सरांना उठवलं आणि काही निघालं नाही, तर सकाळच्या राऊंडला सगळ्यांसमोर "होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायच्या होत्यास की". उठवलं नाही आणि काही निघालं, तर नोकरी जाते. सिस्टर मला घाबरतात, मी सरांना घाबरतो. चुकलंच त्या माणसाचं. पण "डॉक्टर तुम्ही की मी" हे वाक्य ज्याला आपण डॉक्टर असल्याची खात्री नसते तोच बोलतो.

टाके
वरचं शेवटचं वाक्य माझ्या ओटीत लावतो.

मी सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट आम्ही वापरायला लागलो तेव्हा सगळ्यात जास्त हसू आलं ते छेद घेण्याआधीच्या ओळीला : टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. रोज तोंडं बघणाऱ्यांनी नावं काय सांगायची? मग आमचे ओटीतले मामा बोलले, आणि मला कळलं की चौदा वर्षांत मी त्यांचं नाव एकदाही उच्चारलेलं नव्हतं. भावनिक होऊ नका, आकडे घ्या. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. चेकलिस्टनंतर मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. श्रेय नुसत्या नावाला नाही, पण ज्याने एकदा तोंड उघडलंय तो दुसऱ्यांदा सहज उघडतो.

आणि भूलवाले, तुमच्याच शाखेतली इंग्लंडची २००५ ची एलेन ब्रोमिली केस तुम्ही वाचली असणारच. सायनसचं साधं ऑपरेशन, भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मिळेना. तीन अनुभवी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. नर्सने मान छेदून नळी घालायचा सेट आणून ठेवला, तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत खाट सांगितली आणि डॉक्टरांचे चेहरे बघून रद्द केली. बाई गेल्या.

भूलवाला
वाचली आहे, शिकवतोही. पण अर्धीच सांगितलीत. त्या खोलीत तीन सीनियर होते आणि सूत्रं कोणाकडे हेच स्पष्ट नव्हतं. म्हणजे उतरंड जास्त झाली म्हणून नव्हे, ऐन वेळी ती विस्कटली म्हणून घात झाला. "आता थांबा, मान छेदा" म्हणणारा एक जण हवा होता.

नर्सचं ऐकायला हवं होतं हे मान्य. ऐकणं हे वरच्याचं काम आहे. पण त्यासाठी वरचा असावा लागतो, एवढंच माझं म्हणणं.

टाके
मग भांडतोय कशावर आपण?

भूलवाला
कपावर. :)

पिवळी पिशवी
हसून झालं असेल तर मीही लिहिते. माझी आई हाउसकीपिंगला आहे, कंत्राटावर. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तिची नोकरी जाईल. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात टाकायची, हे भिंतीवर चित्रासकट लावलंय. आईला चित्र कळतं. तरी दोनदा पिवळ्या पिशवीतून तिच्या बोटात सुई घुसली. ती तिथे आईने टाकली नव्हती. डॉक्टरांनी की सिस्टरनी, माहीत नाही, पण भिंतीवरचं वाचता येणाऱ्यांनीच. दुसऱ्या वेळी सांगायला गेली तर सिस्टर म्हणाल्या, ग्लोव्हज घालत जा.

नाईटवाली ताई, तुमच्या बादलीत मावश्यांचाही पेला आहे हे वाचून नवल वाटलं. आईच्या इथे बादली सिस्टरांची आहे. ती घरून बाटली नेते.

निवृत्त मेट्रन
ताई, आईला म्हणावं सुई टोचली की तासाभरात कॅज्युअल्टीत नाव नोंदवायचं आणि एचआयव्हीचं औषध सुरू करा म्हणायचं, बहात्तर तासांच्या आत. कंत्राटी असली तरी. नाही म्हणाले तर लेखी मागायचं. कावीळ बी ची इंजेक्शनं झालीत का तिची?

पिवळी पिशवी
नाही. विचारते.

नाईटवाली
दोन दिवस नाईट होती, आज वाचलं सगळं. पिवळी पिशवी, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याही वॉर्डात असं होतं, मीही ग्लोव्हजचं बोललेली आहे.

एक मात्र केलं. मावशींना विचारलं, त्या दिवशी कप का काढून घेतलात? मला वाटलं, "ते साहेबांचे आहेत" म्हणतील. म्हणाल्या, "सिस्टर, मागं एक फुटला तेव्हा माझ्या पगारातून कापले होते. तुम्ही जपून धरता का नाही, मला काय माहीत?"

भूलवाला
किती कापले?

नाईटवाली
एकशे ऐंशी. फोडला होता भूलेच्या डॉक्टरांनी. तुम्ही नव्हे, आमच्याकडचे.