प्रेसवरचा अपघात : रिपोर्ट 'ऑपरेटरचे दुर्लक्ष' याच्या पुढेच जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोसरीत एका छोट्या प्रेस शॉपमध्ये प्रॉडक्शन सुपरवायझर आहे. गेल्या आठवड्यात सेकंड शिफ्टला ६३ टनी न्यूमॅटिक क्लच (हवेच्या दाबावर चालणारा क्लच) प्रेसवर एका ऑपरेटरच्या तर्जनीचे टोक चेंगरले. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणे आहेत, त्यातले डावे चिकटपट्टीने दाबून ठेवलेले. डाव्या हाताने अडकलेला स्लग (भोक पाडताना कापला जाणारा पत्र्याचा तुकडा) काढता काढता उजव्या हाताने सवयीने बटण दाबले गेले. हाड वाचले, टाके पडलेत, अजून रजेवर आहे.

मालकांना रिपोर्ट हवाय. फाइव्ह व्हाय (पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधायची पद्धत) लिहायला बसलो की तिसऱ्याच 'का'ला 'ऑपरेटरचे दुर्लक्ष' येते आणि गाडी तिथेच अडते. उपाय काय, तर समज दिली, ट्रेनिंग दिले, बोर्ड लावला. मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये अगदी हेच शब्द आहेत, फक्त मशीन नंबर वेगळा! पगार कापतील म्हणून पोरं तोंड उघडत नाहीत. एक जण टपरीवर चहा पिताना एवढंच बोलला, "साहेब, दोन्ही बटणं दाबत बसलो तर तासाचा आकडा निघत नाय."

पट्टी हे कारण धरायचे का? आणि 'नवीन प्रेस घ्या' सोडून मालकांना पटेल असे काय लिहू? त्यात त्याच प्रेसवर निघणाऱ्या ब्रॅकेटवर डेंट येतात म्हणून कस्टमरचा एट-डी (तक्रारीवर द्यायचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट) पण डोक्यावर आहे, तो वेगळाच ताप.

प्रतिसाद १
वेगळा कसा? पंचाला (डायमध्ये शिरून भोक पाडणाऱ्या वरच्या भागाला) चिकटून वर आलेला स्लग पुढच्या पीसवर दाबला गेला की डेंट, आणि तो काढायला हात घातला की बोट. दोन्ही फाइली एकाच टेबलावर उघडा. पंच-डायचा क्लिअरन्स, पंचाची धार, त्यात चुंबकत्व आलंय का, तेल जास्त पडतंय का हे टूलरूमकडून तपासून घ्या. पंचात स्प्रिंगवाली पिन टाकली तर बहुतेक वेळा स्लग खालीच राहतो. खर्च किरकोळ आहे आणि रिजेक्शन कमी होणार म्हटल्यावर मालक नाही म्हणणार नाहीत.

दुसरं, पट्टी लावून स्ट्रोक पडतोच कसा? दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडली, तरच प्रेस चालायला हवा. तुमच्याकडे बटणं नुसती सीरीजमध्ये जोडलेली दिसतात, म्हणजे दोन्ही कशीही दाबलेली असली की झालं. ही अट तपासणारा टू-हँड सेफ्टी रिले बसवा. लाइट कर्टनही (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसेल, पण प्रेस थांबायला लागणारा वेळ मोजून अंतर ठरवा. पिन क्लच असता तर लाइट कर्टनचा उपयोग नव्हता, त्यात सुटलेला स्ट्रोक मध्येच थांबत नाही.

जबाब घेताना 'पट्टी कोणी लावली' विचारू नका, 'स्लग दिवसातून किती वेळा अडकतो' विचारा. पोरं बोलतील.

प्रतिसाद २
४८ तास किंवा जास्त कामावर येता आलं नसेल तर कायद्याने अपघाताची नोटीस द्यावी लागते (आधी फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८, कलम ८८ होतं; नोव्हेंबर २०२५ पासून त्याजागी कामगार सुरक्षेचा ओएसएच कोड २०२० आलाय). ती गेली का आधी बघा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. नोटिशीचं अकाउंट्सला विचारलं, गेलेली नाही, आज पाठवतोय. डाय उतरवून पट्टी लावून बघितली, स्ट्रोक पडतोय. शेजारच्या दोन्ही प्रेसवरही तेच, तिन्ही बंद ठेवलेत. सेफ्टी रिलेचं वायरिंग आमच्या प्लांटच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर चालेल, की प्रेसवाल्यांचाच माणूस बोलवावा?