मलेरियाचा ताप दिवसाआडच का येतो? आणि बरा होऊन परत कसा आला?

गोधडीतला: नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला ऑगस्टमध्ये मलेरिया झाला, रिपोर्टवर पीव्ही (म्हणजे व्हायवॅक्स जातीचा) पॉझिटिव्ह. पहिले तीन-चार दिवस ताप कसाही येत होता पण नंतर दिवसाआड, तोही दुपारी चारच्या सुमारास. साडेतीनला पठ्ठ्या मोबाईल बघत मजेत बसलेला आणि चारला दोन गोधड्या टाकूनही दात वाजतायत, मग १०३-१०४, मग घामाने उशी ओली आणि रात्री नऊला म्हणतो भूक लागली. मधला दिवस एकदम ओके. आजी म्हणाली हा पाळीचा ताप. औषध झालं, बरा झाला, आणि नोव्हेंबरात परत तेच! तेव्हा तर सोसायटीत डासही फारसे नव्हते. तर हा जंतू घड्याळ लावून येतो का, आणि मधले तीन महिने होता कुठे?

पेशीपुराण: छान प्रश्न. मायक्रोबायोलॉजी शिकवतो त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ॲनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा लाळेतून मोजकेच जंतू आत येतात. ते रक्तात फार रेंगाळत नाहीत, सरळ लिव्हर गाठतात. तिथे एकेक जंतू एकेका पेशीत शिरतो, शिरताना पेशीचंच आवरण स्वतःभोवती ओढून घेऊन पिशवी करतो आणि तिच्यात आठवडाभर नुसता वाढतो. एकाचे हजारो होतात आणि पेशंटला पत्ताच नाही, कारण या काळात ताप वगैरे काही नसतं.

मग ते हजारो बाहेर पडून लाल पेशींत शिरतात. लाल पेशी म्हणजे केंद्रक नसलेली, हिमोग्लोबिनने ठासून भरलेली गोणी. आत कोणी घुसलंय हे किलर टी-पेशींना (जंतू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या शरीराच्या पहारेकरी पेशींना) दाखवायची सोयही तिच्याकडे नसते, म्हणजे लपायला झकास. जंतू हिमोग्लोबिन खात सुटतो. त्यातला प्रोटीनचा भाग पचतो पण लोह असलेला हीम उरतो आणि तो त्याला स्वतःलाच विषारी! म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो, तेच ते तपकिरी-काळं रंगद्रव्य. क्लोरोक्विन हे औषध नेमकं हे स्फटिक होणं अडवतं आणि जंतू स्वतःच्याच कचऱ्याने मरतो. (जाता जाता, २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला डासाच्या पोटात जंतू ओळखू आला तो याच काळ्या कणांवरून.)

आता घड्याळ. पेशीत शिरल्यापासून ती फुटेपर्यंत व्हायवॅक्सला साधारण ४८ तास लागतात. आधी अंगठीसारखा दिसतो, मग वेडावाकडा पसरतो, मग केंद्रक एकामागून एक दुभंगत जातं आणि शेवटी एकाचे १२ ते २४ होऊन पेशी फुटते. नवे जंतू पुढच्या पेशी धरतात आणि सगळा कचरा रक्तात सांडतो. त्यावर शरीर जे पेटून उठतं तो तुमचा चारचा ताप. सुरुवातीला पेशी वेगवेगळ्या वेळी फुटतात म्हणून ताप कसाही येतो, पुढे बहुतेकांची वेळ जुळते आणि पाळी बसते. मलेरियाच्याच दुसऱ्या एका जातीला, मलेरी नावाच्या, ७२ तास लागतात, तिथे ताप दोन दिवस सोडून येतो.

तीन महिने कुठे होता? लिव्हरमध्येच. व्हायवॅक्सचे काही जंतू तिथे गेल्यावर वाढतच नाहीत, झोपून राहतात. आठवड्यांनी, महिन्यांनी कधीही जागे होतात. डासाची गरजच नाही. क्लोरोक्विन रक्तातले मारतं, या झोपलेल्यांना हात लावत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन, १४ दिवस. दिलं होतं का?

स्लाइडताई: लॅबमध्ये आहे, पावसाळ्यात रोज हेच. व्हायवॅक्स असला की जंतूवाली लाल पेशी शेजारणींपेक्षा मोठी दिसते, फुगल्यासारखी, आत गुलाबी बारीक ठिपके, निळसर अंगठी आणि तिच्यावर लाल खडा. पूर्ण वाढलेला दिसला तर सोललेलं सीताफळच, मध्ये तपकिरी डाग. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली बघा, विसरणार नाही. फॅल्सिपेरम जातीत (रिपोर्टवर पीएफ) मात्र जवळजवळ फक्त बारीक अंगठ्याच दिसतात नाहीतर केळ्याच्या आकाराचे. मधल्या अवस्था जातात कुठे?

पेशीपुराण: ताई, फॅल्सिपेरम जरा मोठा झाला की पेशीच्या बाहेरच्या बाजूला चिकट प्रोटीन काढतो आणि पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसते. फिरत राहिली तर प्लीहा गाळून मारेल ना. मेंदूतल्या वाहिन्यांत असं झालं की पेशंट बेशुद्धीत जातो, म्हणून पीएफ आला की धावपळ.

धानोरा_मास्तर: आमच्या गडचिरोलीत पीएफच जास्त. इकडे सिकलवालेही (सिकल सेल, लाल पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) बरेच, आणि लोक म्हणतात सिकल असला की मलेरिया होत नाही. खरं का हो?

पेशीपुराण: मास्तर, अर्धं खरं. एकाच पालकाकडून सिकलचा जीन आलेल्याला, म्हणजे वाहकाला, मलेरिया होतो पण गंभीर व्हायची शक्यता बरीच कमी. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी त्याच्या पेशीत जंतूची वाढ अडते आणि अशी पेशी प्लीहा लवकर उचलते. पण ज्याला प्रत्यक्ष सिकलचा आजार आहे त्याला मलेरिया उलट जास्त धोक्याचा. वर्गात हा फरक नक्की सांगा.

गोधडीतला: आत्ता ड्रॉवर उचकला. प्रायमाक्विनची स्ट्रिप सापडली, पाच गोळ्या घेतलेल्या, बाकी तशाच. ताप गेला म्हणून साहेबांनी बंद केल्या!! उरलेल्या आता घेतल्या तर चालतील का?

स्लाइडताई: मनाने अजिबात नको. डॉक्टरकडे जा, आधी जी६पीडी टेस्ट करून घ्या. ते एन्झाइम कमी असेल तर या गोळीने लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते. गरोदर बाईला तर देतच नाहीत. आणि कोर्स नव्याने पूर्ण करायचा की कसं ते डॉक्टर ठरवतील.

गोधडीतला: स्ट्रिपचा फोटो आणि हा सगळा धागा भावाला पाठवलाय. निळी टिक आलीये, उत्तर नाही.